पिवळ्या चिठ्ठीचा मसाला

सकाळी ६.३०

या वेळेला फोन वाजत नाही, म्हणून अक्षरं काढायचं काम मी या वेळेला ठेवते. टेबलावर ट्रेसिंग पेपर, मऊ पेन्सिली, तिरका कापलेला बोरू, शाई. संगणक बंद.

सध्याचं काम कराडकडच्या एका कुटुंबाचं आहे. त्यांचा कांदा-लसूण मसाला वीसेक वर्षं साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत विकला जातोय. पिशवीचं तोंड दुमडायचं, त्यावर हँडबिलाच्या पिवळ्या कागदाची चिठ्ठी घालायची आणि स्टेपल मारायचं, एवढंच त्यांचं पॅकिंग. आता मुलाला पुण्या-मुंबईच्या दुकानांत माल ठेवायचा आहे, आणि त्यासाठी त्यांना ‘लोगो करून हवाय’. नाव मी इथे सांगत नाही, कारण ट्रेडमार्कचा अर्ज अजून दाखल व्हायचा आहे. तीन अक्षरं आहेत, सुरुवातीलाच ऱ्हस्व वेलांटी आहे, आणि पुढे ल आणि ळ एकमेकांना खेटून उभे आहेत.

हे खेटणंच आजचा प्रश्न आहे. मराठी वळणाच्या ल ला दोन पाकळ्या आणि ळ ला दोन पोटं. दोन्ही शेजारी आले की नावाचा उजवा भाग भरगच्च होतो आणि डावीकडे वेलांटीखाली मोकळी जागा पडते. तयार फॉन्ट घेतला तर हा तोल तसाच राहतो, कारण फॉन्टमधलं प्रत्येक अक्षर कुणाच्याही शेजारी बसू शकेल असं काढलेलं असतं, याच दोघांसाठी काढलेलं नसतं. शिवाय बऱ्याच फॉन्टांत ल हिंदी वळणाचा उमटतो. युनिकोडमध्ये दोन्ही रूपांना क्रमांक एकच आहे. कुठलं दिसायचं ते फॉन्ट करणाऱ्याने मराठीची वेगळी सोय केली आहे का आणि तुमचं सॉफ्टवेअर ती वापरतं का, यावर ठरतं. मुंबईच्या ‘एक टाइप’चे मुक्ता आणि बालू हे फॉन्ट मोफत आहेत, कुणालाही व्यवसायात वापरता येतात, आणि पाकिटावरच्या मजकुरासाठी मी मुक्ता घेणारच आहे. पण नाव हातानेच काढायचं.

नवीन मुलं विचारतात की हाताने काढलेलं छोट्या आकारात टिकतं का. त्यांना मी जुन्या वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिराती बघायला सांगते. कमल शेडगे यांनी काढलेली नाटकांची नावं खरबरीत कागदावर, एका काळ्या शाईत, काही वेळा दोन बोटं रुंदीच्या जागेत छापून येत. तरी नाटक ऐतिहासिक की फार्स, हे वाचण्याआधीच कळायचं. रंग नाही, छायाचित्र नाही; जे काय सांगायचं ते अक्षराच्या अंगानेच.

आज ळ ची पोटं थोडी आडवी ओढली आणि ल च्या पाकळ्या किंचित आवळल्या. आता दोघं जुळी भावंडं न वाटता शेजारी वाटतात. मग शिरोरेषा. रोमन अक्षरं खालच्या रेघेवर उभी असतात, देवनागरी वरच्या रेघेला लटकते. आणि पिवळी चिठ्ठी? तीसुद्धा पिशवीच्या वरच्या घडीला लटकलेली आहे. ती घडी म्हणजेच शिरोरेषा धरली, तर नाव चिठ्ठीवर छापलेलं न दिसता चिठ्ठीतूनच खाली उतरल्यासारखं दिसेल. पाकिटाच्या वरच्या एक-तृतीयांश भागात पिवळा पट्टा, त्याच्या वरच्या कडेला जाड काळी रेघ आणि त्या रेघेला टांगलेलं नाव. ही कल्पना परवा सुचली, आज ती अक्षरांत बसते का ते तपासतेय. वेलांटीची कमान शिरोरेषेच्या वर डोकं काढते. तिला कापायची नाही, पट्ट्याबाहेर जाऊ द्यायची. तेवढा खोडकरपणा नावाला हवाच.

सकाळी ८.००

चहा घेऊन खाली, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात. शेठ शटर वर करून अगरबत्ती लावत असतात. त्यांना माझी सवय झाली आहे. मी रॅकपासून सहा-सात फुटांवर उभी राहते आणि चष्मा काढते. धूसर दिसायला लागलं की कुठलं पाकीट कुठलं हे फक्त रंगाच्या मोठ्या डागांवरून कळतं, आणि खरेदीला आलेल्या माणसाचं लक्षही तेवढंच असतं.

मसाल्याचा रॅक चष्म्याशिवाय म्हणजे लाल भिंत. प्रत्येकाला आपली मिरची लाल दाखवायची असते, त्यात चूक काही नाही, पण सगळ्यांनी तेच केलं की कुणीच दिसत नाही. या भिंतीत पिवळा पट्टा मी मनाने चिकटवून पाहते. दिसतो.

आणखी दोन गोष्टी इथेच कळतात, ऑफिसात कधीच कळत नाहीत. रॅकच्या फळीला पुढून पत्र्याची पट्टी असते, त्यामुळे पाकिटाचा तळ झाकला जातो. आणि वरून पाच-दहा रुपयांच्या पुड्यांच्या माळा लोंबतात, त्या मधला भाग झाकतात. नाव वर हवं, पण अगदी वर नको. शिवाय अशा दुकानात पाकिटाला हात गिऱ्हाईक लावतच नाही. ते काउंटरपलीकडून बोट दाखवतं किंवा नाव सांगतं, काढून देतात शेठ. म्हणजे वेष्टनाचा पहिला वाचक दुकानदार, आणि त्याला ते नेहमी वरून, बॉक्स फोडताना दिसतं. पाकिटाच्या वरच्या शिवणीवरसुद्धा पिवळा आला पाहिजे, हे मी हातावर लिहून घेते.

सकाळी १०.००

ऑफिस म्हणजे पुण्यात कुमठेकर रस्त्याजवळच्या दोन खोल्या. एक मी, एक माझा सहकारी, गेल्याच वर्षी उपयोजित कलेचं शिक्षण संपवून आलेला. सकाळची रेखाटनं स्कॅन करून तो वक्ररेषांत बसवतो. त्याचा हात स्वच्छ आहे, जरा जास्तच. बोरूने आलेला काठाचा किंचित फुगीरपणा तो सरळ करून टाकतो, आणि मला तो परत आणावा लागतो.

मग छळाची यादी. चिन्ह सुंदर दिसतं की नाही हे मी शेवटी बघते. आधी त्याला छळते. व्हॉट्सअ‍ॅपच्या गोल डीपीत घालून बघायचं: कोपरे कापले जातात, मग पट्टा कसा दिसतो? रबरी शिक्का: ळ ची पोटं शाईने भरून तर जात नाहीत? खोक्यावरची छपाई: पन्हळी पुठ्ठ्यावर एका रंगात छापताना पुठ्ठ्याच्या वळ्या उमटतात आणि बारीक रेघ तुटते. बिलाचा थर्मल प्रिंटर: फक्त काळं, तेही ठिपक्याठिपक्यांत, करडं काही नाहीच. फोटोकॉपीची फोटोकॉपी. या सगळ्यातून ळ चं एक पोट दोनदा बुजलं, म्हणून छोट्या आकारासाठी आतली जागा वाढवलेलं वेगळं रूप केलं. एकाच नावाची दोन रेखाटनं, एक मोठ्यासाठी आणि एक छोट्यासाठी. गिऱ्हाइकाला हा फरक कधी दिसणार नाही आणि दिसूही नये.

सहकाऱ्याला एक कल्पना सुचली होती: पट्ट्याच्या वर दोन छोट्या काळ्या रेघा, स्टेपलच्या पिनांसारख्या. स्क्रीनवर फार गोड दिसत होत्या. मी त्या काढायला लावल्या. खाण्याच्या वस्तूवर पिनेचं चित्र म्हणजे पहिल्याच तक्रारीला आमंत्रण. कुणाच्या आमटीत खडा निघाला तरी पिनच निघाली असं गावभर होईल. शिवाय ज्या घराने वीस वर्षं स्टेपल मारत काढली, त्याला त्यातून बाहेर पडायचं आहे. जुन्या दिवसांतलं काय राखायचं आणि काय सोडायचं हे आपल्या हौसेवर ठरवायचं नसतं.

रोमन लिपीतलं नाव आम्ही आत्ता, देवनागरी पक्कं झाल्यावर काढायला घेतलं. बहुतेक ठिकाणी उलट होतं. आधी इंग्रजी लोगो होतो, मग ‘याचं मराठी करा’ म्हणून शेवटच्या दिवशी देवनागरी त्याच्या मापात कोंबली जाते. त्याहून वाईट म्हणजे रोमन अक्षरांवर शिरोरेषा ओढून त्यांना भारतीय करायचा प्रकार. दोन लिप्यांचा मेळ बसतच नाही असं नाही. २०१० साली स्वीकारलेलं रुपयाचं चिन्ह बघा: मुंबई आयआयटीत संशोधन करणाऱ्या डी. उदयकुमार यांनी ते काढलं, आणि त्यात र आणि रोमन आर एकाच आकारात इतके मिसळलेत की शिवण सापडत नाही. पण तिथे एकच अक्षर होतं. आम्हाला रोमनमध्ये सहा अक्षरं बसवायची आहेत. त्यांना शिरोरेषा नाही. फक्त तीच जाडी, तोच काठ, आणि आकार देवनागरीपेक्षा लहान.

सकाळी ११.३०

कराडची मंडळी आली. काकू, त्यांचा मुलगा, सूनबाई. पहाटेच्या गाडीने निघालेले. सोबत मसाल्याचा अर्धा किलो, चिठ्ठीसकट.

मी तीन पर्याय दाखवत नाही, एकच दाखवते. तीन दाखवले की लोक एकाचं डोकं, दुसऱ्याचं धड आणि तिसऱ्याचे पाय जोडून चौथा मागतात. पण एकच दाखवायचं तर त्यापर्यंत कसे पोचलो ते सांगावं लागतं. म्हणून आधी त्यांच्याच पिशवीवरची चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि विचारलं, गिऱ्हाईक दुकानात काय म्हणून मागतं?

काकू म्हणाल्या, “नाव कोन घेतंय? पिवळ्या चिट्टीचा द्या म्हनत्यात.”

मग पडद्यावर पाकीट आणलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मुलाने घसा साफ केला. “मॅडम, छान आहे. पण मिरची कुठंय? कांदा, लसूण? लोकांना कळायला नको का, आत काय आहे?”

हा प्रश्न येतोच, आणि तो खुळचट नाही. मी त्यांना स्टेट बँकेचं चिन्ह काढून दाखवलं. १९७१ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतले शेखर कामत यांनी काढलेलं: निळं वर्तुळ, मधे छोटं वर्तुळ, खाली चीर. त्यात नाणं नाही, नोट नाही. बँक कुठली हे मात्र निरक्षर माणसालाही रस्त्यापलीकडून कळतं. आत काय आहे ते पाकिटावर शब्दांत लिहिलेलंच असणार, ठळक. चिन्हाने फक्त ‘हे तेच’ एवढं सांगायचं.

मुलाचं समाधान अर्धंच झालं. त्याने फोनवर साठवलेला एक नमुना दाखवला. नऊवारी नेसलेली आजी, उखळ, मागे सूर्य. “असं काहीतरी. आईचंच चित्र टाकलं तर?”

पात्र करण्याला माझा विरोध नाही. एअर इंडियाचा महाराजा १९४६ साली बॉबी कूका आणि उमेश राव यांनी केला, एशियन पेंट्सचा गट्टू १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी, अमूलची मुलगी १९६६ पासून आहे. पण या सगळ्यांना काम दिलेलं होतं. अमूलची मुलगी जाहिरातफलकावर चालू घडामोडींवर बोलत राहते, महाराजा देशोदेशीचे वेश करून हिंडला. पात्र ठेवायचं म्हणजे नोकर ठेवण्यासारखं आहे, रोज काम आणि महिन्याला पगार. नुसती पाकिटावर बसवलेली आजी काहीच करत नाही, आणि अशा आज्या त्या रॅकवर सकाळी मीच चार-पाच मोजल्या होत्या. हे मी सांगत होते, तेवढ्यात काकूंनी विषयच संपवला. “माझं चित्र नको. म्हातारी दाखवत्यात. मी अजून डंकावर दिवसभर उभी राहती.”

खिडकीचं मात्र रंगलं. मुलाला पाकिटाला पारदर्शक खिडकी हवी होती. माल दिसला की विश्वास बसतो, असं त्याचं म्हणणं. बरोबर आहे, पण मिरचीचा रंग उजेडात उडतो. ब्याडगी मिरची रंगासाठीच घालतात, आणि दुकानाच्या ट्यूबलाइटखाली ती काही आठवड्यांत विटकरी पडायला लागली तर खिडकीतून दिसणार तेच विटलेलं. मी कागदावर समजावायला बसले होते. सूनबाई म्हणाल्या, “आत्या, आपण बरणी फडताळातच का ठेवतो? बाहेर ठेवली की पांढरी पडते म्हणून ना?” काकूंनी मान डोलावली आणि खिडकी गेली. माझ्या सगळ्या तांत्रिक बोलण्यापेक्षा ते फडताळ भारी पडलं.

शेवटी नेहमीचं वाक्य आलंच. “लोगो जरा मोठा घेता येईल का?” मी छापलेला कागद डमी पाकिटाला चिकटवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि काकूंना चष्मा काढायला सांगितलं. “दिसतंय की,” त्या म्हणाल्या. पैशांचं आणि दुसऱ्या हप्त्याचं बोलणं पाच मिनिटांत झालं, ते या धंद्यात दुर्मीळ.

दुपारी २.००

डबा. आणलेल्या मसाल्यातला थोडा तेलात कालवून भाकरीबरोबर. सहकाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी. त्याने निमूटपणे पाकिटावरच्या मजकुरातला ‘मध्यम तिखट’ हे शब्द खोडले.

दुपारी २.४५

वकिलांचा फोन. मसाला ट्रेडमार्कच्या नीस वर्गीकरणात ३० क्रमांकाच्या वर्गात येतो, त्यामुळे अर्ज त्या वर्गात. पुढे लोणची करायची असतील तर ती २९ मध्ये, म्हणजे वेगळा वर्ग, वेगळं शुल्क. छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाचे दर वर्गाला ४,५०० रुपये. त्यांनी विचारलं, चिन्ह रंगीत भरायचं की काळं-पांढरं?

इथे मी अडले. आमची सगळी ओळखच पिवळी आहे. पण रंगाची मर्यादा न घालता नोंदणी केली तर कायद्यानुसार ती सगळ्या रंगांना लागू मानतात, आणि रंगीत नोंदवलं तर संरक्षण त्या रंगापुरतं आवळलं जाऊ शकतं. ठरलं असं की नावाचं अक्षरांकन काळ्या-पांढऱ्यात भरायचं, पट्ट्याचं नंतर बघू. चित्र आठ बाय आठ सेंटीमीटरपेक्षा मोठं नको. आणि मुलाला बजावून सांगायचं: अर्ज झाला की टीएम लिहा, पण गोलातला आर नोंदणी हातात येईपर्यंत लावायचा नाही. तो आधीच लावणं बेकायदेशीर आहे. बाजारात सर्रास लावलेला दिसतो म्हणून लोकांना ती नक्षी वाटते.

दुपारी ३.१५

पाकिटाची मागची बाजू. डिझाइनच्या प्रदर्शनांत हिचे फोटो कुणी लावत नाही, पण माझे तास सगळ्यात जास्त इथेच जातात.

घटक, वजनाच्या उतरत्या क्रमाने. निव्वळ वजन, त्याच्या आकड्यांची किमान उंचीही नियमात दिलेली. उत्पादकाचं नाव-पत्ता. तक्रारीसाठी फोन आणि ईमेल. कमाल किरकोळ किंमत, सर्व करांसह, आणि तिच्या जोडीला ग्रॅममागे किती पडते ती किंमत. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं चिन्ह आणि चौदा आकडी परवाना क्रमांक. बॅच, तारीख आणि किंमत नंतर मशीनने छापली जातात, त्यांच्यासाठी कोरी चौकट सोडायची. ती विसरली की कारखान्यात कुणीतरी तारीख थेट नावावर मारतं. आणि हे सगळं इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असलंच पाहिजे. मराठी त्याच्याशिवाय जादा. म्हणून मागची बाजू द्विभाषिक, आणि मजकूर दुप्पट.

बारकोडचा प्रश्न मात्र पिवळ्याने आपोआप सोडवला. दुकानातले स्कॅनर बहुतेक लाल उजेडावर चालतात. लाल उजेडात लाल रेघ पांढऱ्यासारखीच दिसते, म्हणून बारकोडच्या रेघा लाल शाईत छापून चालत नाहीत. पिवळाही त्या उजेडाला पांढराच, त्यावर काळ्या रेघा चोख वाचल्या जातात. आकार पुरा ठेवला तर सुमारे ३७ मिलिमीटर रुंद, २६ उंच. शंभर ग्रॅमच्या पाकिटावर तो ८० टक्क्यांवर आणला.

अडचण हिरव्याची. शाकाहाराची खूण हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका, तो काळ्यात छापून चालत नाही. आमचं पाकीट दोन शायांत बसवलं होतं, पिवळी आणि काळी, खाली पांढरा थर. एवढ्याशा ठिपक्यासाठी आता चौथी शाई. सहकारी म्हणाला, मग हिरवा आलाच आहे तर कोथिंबिरीची पानं टाकू. म्हटलं, कांदा-लसूण मसाल्यात कोथिंबीर कुठून आली? तो म्हणाला धने असतात. धने हिरवे नसतात, म्हटलं. हिरवा त्या ठिपक्यापुरताच.

दुपारी ४.३०

भोसरीला निघाले. वाटेबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ज्यांनी तो रस्ता केला आहे त्यांना माहीत आहे.

संध्याकाळी ५.४५

औद्योगिक वसाहतीतला छापखाना. बाहेर सॉल्व्हंटचा वास, आत फिल्मचे मोठे रोल. इथे पाऊच ग्राव्ह्युअर पद्धतीने छापतात. प्रत्येक शाईला एक कोरलेला धातूचा सिलिंडर, आणि प्रत्येक मापाच्या पाकिटाला सिलिंडरांचा वेगळा संच. तीन मापं, चार शाया म्हणजे बारा सिलिंडर. रंग वाढवावा असं वाटलं की मी हा हिशोब करते आणि वाटणं थांबतं. छोट्या धंद्याची ओळख दोन शायांत बसली पाहिजे, हे माझं मत सौंदर्यशास्त्रातून आलेलं नाही, या खोलीतून आलेलं आहे.

छपाई फिल्मच्या आतल्या बाजूला, उलटी होते. मग तिला मागून चकचकीत धातूचा मुलामा दिलेली फिल्म आणि सर्वांत आत पॉलिथिनचा थर चिकटवतात. शाई दोन फिल्मांच्या मधे बंद, ती ना हाताला लागते ना मसाल्याला. तरी खाद्यपदार्थांच्या वेष्टनासाठीची आयएस १५४९५ ची शाई आहे ना, हे मी दरवेळी विचारते आणि छापखान्याचे मालक दरवेळी हसून डब्यावरचं लेबल दाखवतात.

मुलामा दिलेल्या फिल्ममुळेच पांढऱ्या थराला महत्त्व. पिवळ्यामागे पांढरा नसला तर मागची चमक त्यातून येते आणि पिवळा सोनेरी दिसतो. मालकांनी मुद्दाम दोन्ही नमुने करून ठेवले होते. “मॅडम, पार्टीला हा आवडणार बघा,” सोनेरी पुढे करत ते म्हणाले. आवडेलच. मिठाईच्या पेटीसारखा दिसत होता. पण त्या सोन्यात चिठ्ठी कुठेच उरत नव्हती. मी पर्समधून खरी चिठ्ठी काढली, कराडच्या पिशवीवरची, कडेला तेलाचा डाग पडलेली, आणि पांढऱ्या थराच्या नमुन्याशेजारी ठेवली.

नमुना जास्त लिंबासारखा होता. कारागिराने पिवळ्यात चिमूटभर लाल घातली, पुन्हा ओढून पाहिलं. आता हळदीकडे झुकला. प्रमाणित प्रकाशाच्या पेटीत दोन्ही जुळत होते, पण ट्यूबलाइटखाली आणलं की छापलेला हिरवट वाटायचा. पेटीतला उजेड योग्य, यात वाद नाही. पण किराणा दुकानात ती पेटी नसते. म्हणून आम्ही ट्यूबलाइट प्रमाण मानली. तासभर गेला. शेवटी ज्या नमुन्यावर मी सही केली तो पेटीत किंचित तांबूस दिसतो आणि दुकानात बरोबर चिठ्ठीसारखा. मालकांनी त्यावर तारीख घातली, अर्धा मला दिला, अर्धा भिंतीवरच्या क्लिपला. पुढच्या ऑर्डरला शाई याच्याशी जुळवायची, फोनवरच्या फोटोशी नाही, हे त्यांनी कारागिराला मोठ्याने सांगितलं, म्हणजे मलाच सांगितलं.

रात्री ८.००

घरी पोचेपर्यंत कराडच्या पेंटरचा फोन येऊन गेला होता. टेम्पो आणि कारखान्याच्या दारावरची पाटी तो रंगवणार आहे. फ्लेक्स लावा असं मुलगा म्हणत होता, पण उन्हात फ्लेक्समधला पिवळा आणि लाल आधी उडतो आणि मागे निळसर भूत उरतं. ऑइलपेंट बरा.

पेंटरला मी मिलिमीटरची कोष्टकं पाठवत नाही. मोठ्या कंपन्यांच्या ओळखीबरोबर साठ-सत्तर पानांचं पुस्तक येतं. इथे एक पान आहे, मराठीत. शिरोरेषेची जाडी म्हणजे एक माप. अक्षराची उंची सात मापं, पट्टा अकरा, वेलांटीची कमान पट्ट्याबाहेर दीड माप. टेम्पोच्या दारावर एक माप दोन बोटांचं असेल, मागच्या फाळक्यावर वेगळं. त्याला फोन लावला.

“ताई, त्यो ळ मी माझ्या हातानं काढू का? कागदावरचा जरा दबल्यावानी वाटतोय.”

“नको हो. तो तसाच दबका ठेवा. तुमचं नाव खाली कोपऱ्यात घाला, ते तुमच्या वळणात.”

त्याला ते पटलं. पाटीबद्दल एवढंच सांगितलं की नाव देवनागरीत वर येईल आणि रोमन खाली, लहान. २०२२ च्या दुरुस्तीपासून दुकानं-आस्थापनांच्या पाटीवर मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान ठेवता येत नाहीत. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिल्यावर माझ्याकडे तयार इंग्रजी लोगो घेऊन ‘याचं मराठी करा’ म्हणणाऱ्यांची रीघ लागली होती. या पाटीत तसली जुळवाजुळव काही करावी लागली नाही.

रात्री ९.३०

फायली पाठवायच्या. छापखान्याला एक, अक्षरं वक्ररेषांत बदललेली, नाहीतर त्यांच्या संगणकावर फॉन्ट बदलून जोडाक्षरांचे पाय मोडतात. वकिलांना काळी-पांढरी. मुलाला बिलाची, खोक्याची, शिक्क्याची आणि डीपीची, प्रत्येकीचं नाव मराठीत आणि स्पष्ट: ‘शिक्क्यासाठी लहान ळ’. सूनबाईंना वेगळी, कारण इन्स्टाग्राम त्या बघणार आहेत आणि सगळ्यांत आधी प्रश्नही त्याच विचारतील.

पावणेदहाला मुलाचा निरोप आला. आई म्हणतीये, चिठ्ठीवर पुढंच फोन नंबर असतो, तो पाकिटावर दिसत नाही. नंबर मागच्या बाजूला आहे, तक्रारीच्या ओळीत, नियमाप्रमाणे. पण काकूंचं म्हणणं वेगळं आहे: त्यांचं निम्मं गिऱ्हाईक तो नंबर फिरवूनच मसाला मागवतं, आणि चुलीसमोर उभं राहून कुणी पाकीट उलटं करून बघत नाही. पुढे जागा करायची तर पट्टा चार मिलिमीटर खाली ओढावा लागेल आणि नाव तेवढंच आवळावं लागेल. म्हणजे अकरा मापं साडेअकरा, आणि पेंटरला पुन्हा फोन. छापखान्याला कळवलं, सिलिंडर उद्या कोरू नका, परवा.